हा रकाना कशासाठी?

२००६ साली दहावीचा निकाल लागला, त्याच्या चौथ्या दिवशी एक पोरगा आमच्या शाळेच्या ऑफिसात आला. हातात संत्रा बर्फीचा अर्ध्या किलोचा डबा, खिशाला कोचिंग क्लासचं पेन. "मॅडम, दहावीची लिस्ट पाहिजे होती. नाव, टक्के अन् बापाचा फोन नंबर. बस, येवढंच." मी तेव्हा कनिष्ठ लिपिक होते. लिस्ट दिली. झेरॉक्सचे पैसेसुद्धा त्यानंच दिले. तीन तुकड्या, आठ पानं.

पंधरा दिवसांनी एक पालक खिडकीशी आले. नागपूरच्या महाल भागातले, किराणा दुकानवाले. मुलीला गणितात छत्तीस मार्क पडलेत ही गोष्ट त्यांना दुकानातल्या फोनवर, गिऱ्हाइकं समोर उभी असताना, कुणा तिऱ्हाइताकडून ऐकावी लागली होती. "त्याईले नंबर कोनं देल्ला, सांगा ना बाई." मी रजिस्टरमध्ये डोकं घालून म्हटलं, "काय माहीत, भाऊ." बर्फी तोवर संपली होती.

एकतीस वर्षं मी शाळेच्या खिडकीच्या आतल्या बाजूला काढली. २०१९ ला निवृत्त झाले. आता नात सहावीत आहे, म्हणून तिच्यासाठी त्याच प्रकारच्या खिडक्यांबाहेर उभी राहते. आत काय चालतं ते माहीत असल्यानं बाहेर उभं राहून काय बोलायचं ते मला थोडं जास्त कळतं. कायदा मात्र उशिरा वाचला. सूनबाईनं पीडीएफ काढून दिली, मोठ्या अक्षरात.

आधी कायदा, चहा उकळेपर्यंत

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. मग न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीचा मसुदा आला, त्यावर बरीच ओढाताण झाली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम यायला आणखी सव्वादोन वर्षं लागली. ते नोव्हेंबर २०२५ मध्ये आले.

मुलांसाठीचं सगळं कलम ९ मध्ये आहे. या कायद्यात मूल म्हणजे अठरा वर्षं पूर्ण न झालेली व्यक्ती. अमेरिकेत हीच रेषा तेराला आहे, युरोपात देशागणिक तेरा ते सोळा. आपल्याकडे अकरावी-बारावीची मिशीवाली पोरंही मूलच. अशा मुलाची माहिती घ्यायची तर आईवडिलांची किंवा कायदेशीर पालकाची संमती आधी लागते, आणि ती पडताळता येईल अशी लागते, नुसती टिचकी मारलेली चालत नाही. मुलावर पाळत ठेवायची नाही, त्याच्या सवयी टिपायच्या नाहीत, त्या सवयी पाहून त्याला जाहिराती दाखवायच्या नाहीत. त्याच्या भल्याला बाधा येईल असा वापर संमती असली तरी करायचा नाही. हे मोडलं तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत.

आता गोम. तक्रारी ऐकणारं डेटा संरक्षण मंडळ स्थापन करण्याची कलमं लगेच लागू झाली, पण संमती, मुलांचं संरक्षण आणि आपले हक्क यांची कलमं नियम आल्यापासून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून. तोवर कुणी म्हणेल की मग आत्ताच काहून डोकं खपवायचं? तर यासाठी, की आज भरलेला फॉर्म २०२७ मध्येही त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये असणार आहे. आणि पाचवीत दिलेला फोन नंबर दहावीच्या निकालाला बरोबर वाजतो.

फॉर्म: पेन उघडण्याआधी

गेल्या वर्षी मानेवाड्यातल्या एका शिकवणी वर्गाचा फॉर्म घरी आला. मी बसून रकाने मोजले. चव्वेचाळीस. रक्तगट, जात, वडिलांचं वार्षिक उत्पन्न, घर स्वतःचं की भाड्याचं, भावंडं कुठल्या शाळेत, मुलीचा स्वतःचा व्हॉट्सॲप नंबर, इन्स्टाग्रामचं नाव, आधार क्रमांक. आठवड्यातून तीन दिवस गणित शिकवायला.

माझी पद्धत अशी. पेन्सिल घ्यायची आणि प्रत्येक रकान्यापुढे एकच प्रश्न: हा कशासाठी? उत्तर स्वतःला सुचलं तर बरोबरची खूण. नाही सुचलं तर फुली, आणि फुलीवाले रकाने खिडकीवर विचारायचे. आवाज न चढवता. खिडकीच्या आत बसलेल्या बाईनं तो फॉर्म बनवलेला नसतो, हे मी स्वतः त्या खुर्चीवर बसून सांगते. आमच्या शाळेचा फॉर्म दुसऱ्या एका शाळेच्या फॉर्मवरून उतरवलेला होता आणि त्यात 'वडिलांकडे दुचाकी आहे काय' असा रकाना होता. तो का होता हे एकतीस वर्षांत कुणालाच कळलं नाही. तरी आम्ही दर जूनमध्ये तो भरून घ्यायचो, आणि रिकामा राहिला की पालकाला परत पाठवायचो.

नवा कायदा हेच वेगळ्या भाषेत सांगतो: सांगितलेल्या कामाला जेवढी माहिती लागते तेवढ्यापुरतीच संमती ग्राह्य. जास्तीच्या माहितीवर तुम्ही सही केली असली तरी ती सही त्या कामापुरतीच. शिवाय संमती मागताना वेगळी, स्वतंत्रपणे वाचता येईल अशी सूचना द्यावी लागेल. कोणती माहिती, नेमक्या कोणत्या कामासाठी, संमती मागे कशी घ्यायची, तक्रार कुठे करायची, हे सगळं सोप्या भाषेत. आणि ती सूचना मराठीतही मागता येईल, कारण आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांचा पर्याय द्यायचा आहे. मी मराठीत मागते. खिडकीवर पहिल्यांदा मागितली तेव्हा आतल्या मुलीला वाटलं मी चेष्टा करते आहे.

पण सगळेच रकाने रिकामे सोडायचा उत्साह नको. इथे आमच्या सोसायटीतल्या एका तरुण बापानं घोळ घातला. कुठेतरी खासगीपणावर काही ऐकलं आणि शाळेच्या प्रवेश अर्जात जातीचा रकाना कोरा ठेवून आला. मी त्याला दुसऱ्या दिवशी धाडलंच. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमधली जातीची नोंद पुढे टीसीवर उतरते, आणि जात पडताळणीच्या वेळी समिती हेच जुने शालेय दाखले मागते. जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंगही तसंच. दहावी होऊन गेल्यावर त्यात दुरुस्ती म्हणजे शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या चकरा, त्यापेक्षा रामटेकचा गड रोज चढलेला बरा. म्हणून शाळेचं रजिस्टर पूर्ण आणि अचूक भरा, जमल्यास समोर उभं राहून वाचून घ्या. तीच जात शिकवणीच्या फॉर्मवर मात्र कशाला? तिथे समीकरणं सोडवायची आहेत.

उत्पन्नाचंही असंच. शिष्यवृत्ती किंवा आरटीईच्या २५ टक्क्यांतला प्रवेश असेल तर दाखला लागतो. डान्स क्लासला लागत नाही. रक्तगट व्हॅनवाल्या काकांना आणि शाळेला देऊन ठेवावा, तो कामाचा आहे.

आधारची झेरॉक्स

२६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट म्हटलं आहे की शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही, आणि मुलाच्या आधार नोंदणीला आईवडिलांची संमती लागते. व्यवहारात शाळा आधार मागतेच, कारण वरून पोर्टलवर भरायला सांगितलेलं असतं आणि न भरलेल्या मुलांची यादी दर आठवड्याला क्लर्कच्या अंगावर येते. शाळेशी यावरून भांडण उकरायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी भांडले नाही. कागद मात्र बदलला.

आधारच्या संकेतस्थळावरून 'मास्क्ड' आधार उतरवून घेता येतं. त्यात पहिले आठ अंक झाकलेले आणि शेवटचे चारच दिसतात. शिकवणी, क्रीडा शिबिर, चित्रकला स्पर्धा, सोसायटीचा वॉचमन, या सगळ्यांना फार तर हेच. पूर्ण झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा: 'फक्त इयत्ता सहावी प्रवेशासाठी', तारीख, सही. लिहिताना अक्षरं आधारच्या छपाईवरून जाऊ द्या, कोऱ्या समासात लिहिलं तर कापता येतं. कापलेलं मी पाहिलं आहे.

आणि झेरॉक्सच्या दुकानात कागद व्हॉट्सॲपवर पाठवायची आपली सगळ्यांची सवय. दुकानातल्या त्या एका फोनमध्ये अख्ख्या वस्तीचे आधार, मार्कशीट, फोटो पडून असतात. प्रिंट हातात आली की लगेच, तिथेच उभं राहून, पाठवलेली फाइल 'सर्वांसाठी हटवा'. त्यानं आधीच उतरवून घेतली असेल तर त्याला हसत म्हणायचं, "दादा, डिलीट करा ना, माह्यासमोर." आमचा झेरॉक्सवाला आधी चिडायचा. आता मी दुकानात शिरले की स्वतःच स्क्रीन फिरवून दाखवतो.

अपारचा फॉर्मही याच सुमारास घरी येतो. विद्यार्थ्याचा बारा अंकी कायमचा शैक्षणिक क्रमांक, तो आधारला आणि डिजिलॉकरला, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन कागदपत्रांच्या कपाटाला, जोडलेला. त्यासाठी पालकाचं लेखी संमतीपत्र लागतं, आणि केंद्र सरकारच्याच म्हणण्याप्रमाणे तो ऐच्छिक आहे. मुलाच्या दप्तरातून आलेला कागद रात्री डबा धुताना सही करून परत पाठवायचा नाही, एवढं पाळा. वाचा. पटलं तर सही करा, नाही पटलं तर 'संमती नाही' असं लिहून सही करा. कोरा परत पाठवला तर तो हरवला समजून दुसरा येतो.

फोटोचा रकाना

हा सहसा सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात असतो. 'पाल्याची छायाचित्रे व चित्रफिती संस्थेच्या प्रसिद्धीसाठी वापरण्यास माझी हरकत नाही.' नियमांच्या चौथ्या अनुसूचीत शाळांना काही सूट दिलेली आहे: शिकवण्याच्या कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षेपुरती नोंद व देखरेख शाळा पालकांच्या संमतीशिवाय ठेवू शकते. हजेरी, सीसीटीव्ही, स्कूलबसचा प्रवासातला ठावठिकाणा यात बसतात. पाळणाघरांना आणि दवाखान्यांनाही त्यांच्या कामापुरती अशीच सूट आहे. रिंगरोडवरच्या होर्डिंगवर नातीचा चेहरा आणि खाली 'प्रवेश सुरू' हे काही तिच्या सुरक्षेसाठी नसतं.

त्या ओळीवर मी काट मारते आणि बाजूला सूनबाईची सही घेते. त्याखाली जे लिहिते ते इथे जसंच्या तसं देते, उतरवून घ्या:

'या अर्जातील माहिती केवळ प्रवेश, शैक्षणिक नोंदी व तातडीच्या संपर्कासाठी देत आहे. पाल्याचे नाव, छायाचित्र, गुण अथवा संपर्क क्रमांक जाहिरातीसाठी वापरण्यास किंवा अन्य संस्थेस, व्यक्तीस देण्यास माझी संमती नाही. पाल्याने वर्ग सोडल्यास, कायद्याने ठेवणे आवश्यक नसलेली माहिती नष्ट करावी.'

खाली सही आईची किंवा बाबांची. माझी चालत नाही, त्याचा किस्सा पुढे येतोच. मग फॉर्मचा फोटो काढून ठेवायचा. खिडकीवर "असं लिहिता येत नाही" म्हणतील. आमच्या एचएम, म्हणजे मुख्याध्यापक सरांनाही पालकांनी फॉर्मवर काही लिहिलेलं खपत नसे, पण त्यांनी कधी एकही फॉर्म फाडला नाही, कारण लिहिलेला कागद फाडायला छाती लागते. शिकवणीवाल्यांनी तर काहीच म्हटलं नाही. फी घेतली.

फोन, आणि माझी चूक

नातीला चित्रं रंगवायचं एक ॲप हवं होतं. फोन माझा. ॲपनं विचारलं, तुम्ही पालक आहात का? मी 'हो' दाबलं. जन्मसाल विचारलं, नातीनं माझं टाकलं. पुढे कॉन्टॅक्ट्स, माइक, ठावठिकाणा सगळ्याला 'अलाऊ'. आठवडाभरात माझ्या फोनवर गुडघेदुखीच्या तेलाच्या आणि राक्षसांच्या खेळांच्या जाहिराती एकाआड एक यायला लागल्या.

संध्याकाळी मुलगा आला, त्यानं फोन पाहिला. म्हणाला, "आई, तू हो काहून दाबलं? तू पालक नाहीस." मला लागलंच ते. सकाळी सहाला उठून डबा कोण करतं? पण कायद्यापुरता तो बरोबर होता. संमती आईची, बापाची किंवा कायदेशीर पालकाची. आजी, मावशी, शेजारच्या काकू, शिकवणीच्या मॅडम यांच्या 'हो'ला अर्थ नाही. नव्या नियमांनी कंपनीवर जबाबदारी टाकली आहे की 'हो' म्हणणारी व्यक्ती खरंच सज्ञान आहे, ओळख पटणारी आहे, हे तिनं तपासावं: आधीपासून तिच्याकडे असलेल्या खात्रीच्या माहितीवरून, किंवा डिजिलॉकरसारख्या अधिकृत सेवेतून येणाऱ्या टोकनवरून. तेव्हा मे २०२७ नंतर एखादं ॲप पालक म्हणून तुमच्या ओळखीचा पुरावा मागेल तेव्हा घाबरू नका, पण त्यावेळी आधारचा फोटो थेट ॲपमध्ये टाकू नका. डिजिलॉकरचा रस्ता असेल तर तो घ्या.

सगळ्यात मोठी चूक खोट्या जन्मसालाची. मूल मोठं दाखवलं की त्याच्यासाठी असलेलं सगळं संरक्षण आपण स्वतःच्या हातानं काढून टाकतो. खरं वय टाकलं तर गूगल अठरा वर्षांखालच्यांना आवडीनिवडीवर बेतलेल्या जाहिराती दाखवत नाही, आणि तेराच्या खालच्या मुलाचं खातं फॅमिली लिंकमधून आईवडिलांच्या हाताखाली राहतं. इन्स्टाग्रामवर तेराच्या आत खातं काढायची परवानगीच नाही, आणि तेरा ते सतराच्या मुलाचं नवं खातं आपोआप खासगी असतं, खऱ्या वयानं काढलं असेल तर.

आता अँड्रॉइड फोन हातात घ्या, हे आत्ताच होण्यासारखं आहे. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात परमिशन मॅनेजर. कंपनीनुसार नावं थोडी इकडेतिकडे होतात. माइकवर बोट ठेवलं की माइक वापरायची मुभा असलेल्या ॲपची यादी येते. रंगवायच्या ॲपला माइक? काढा. टॉर्चला कॉन्टॅक्ट्स? काढा. ठावठिकाणा नकाशाला द्या, तोही 'वापरत असतानाच'. काढून टाकल्यावर ॲप कुरकुरलं तर एक दिवस वाट पाहा, बहुतेक ॲप निमूट चालतात. मग सेटिंग्जमध्ये गूगल, तिथे जाहिराती, आणि जाहिरात आयडी हटवा. हा आयडी म्हणजे तुमच्या फोनचा नोंदणी क्रमांक, आमच्या जनरल रजिस्टरच्या क्रमांकासारखा. कोणत्या ॲपमध्ये काय केलं ते त्याच क्रमांकाखाली जमा होतं. शेवटी, नवं ॲप घेण्याआधी प्ले स्टोअरवर 'डेटा सेफ्टी' हा भाग उघडून बघा. तिथली माहिती ॲपवाल्यानं स्वतःच भरलेली असते, म्हणजे आमच्या भाषेत स्वयंघोषणापत्र. तेवढ्याच विश्वासानं वाचा.

शाळेनं सांगितलेलं ॲप असेल तर "ॲपवाले कोण आणि मुलांच्या माहितीचं ते काय करतात?" असं शाळेला लेखी विचारा. शाळेनं नेमलेल्या कंपनीच्या चुकीची जबाबदारी नव्या कायद्यात शाळेवरच येते. हे वाक्य पालक सभेत म्हटल्यावर किती शांतता पसरते, ते एकदा अनुभवा.

तान्हा पोळा आणि फेसबुक पेज

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इकडे महालात मारबत, म्हणजे वाईटाला हाकलणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते आणि संध्याकाळी वस्त्यावस्त्यांत पोरं लाकडी बैल सजवून तान्हा पोळ्याला येतात. नात त्या वर्षी शेतकरीण झाली होती. डोक्यावर टोपली, हातात बैल. दोन तासांत वस्तीतल्या उत्सव मंडळाच्या फेसबुक पेजवर फोटो. खाली पूर्ण नाव, वर्ग, शाळा आणि आमच्या लेआउटचं नाव. लोकांनी गोड-गोड लिहिलं होतं. एकानं लिहिलं होतं, "हिची व्हॅन रोज आमच्याच घरासमोरून जाते." लिहिणारा आमच्या ओळखीचाच, साधा माणूस. तरी माझ्या पोटात गोळा आला.

मी मंडळाच्या कार्यकर्त्याकडे चहाच्या टपरीवर गेले. कायद्याचं नाव काढलं नाही. "फोटो राहू दे बाबू, फक्त नाव अन् शाळा काढून टाक. सगळ्याच पोरींची." त्यानं लगेच काढली, उलट विचारलं की पुढच्या वर्षी नावं मोठ्यानं पुकारू का नको. पुकारा म्हटलं, मंडपात पुकारा. यातून मी शिकलेलं एवढंच की चेहरा, पूर्ण नाव, शाळा आणि रोजचा रस्ता या चार गोष्टी एका जागी येऊ द्यायच्या नाहीत. गणवेशातला फोटो म्हणजे त्यातल्या दोन आपोआप आल्या.

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं काय? कुणी व्यक्तीनं स्वतःच्या, घरगुती कामासाठी माहिती वापरली तर हा कायदा तिथे लागूच होत नाही. म्हणजे जावेनं नातीचा आंघोळीचा जुना फोटो 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' म्हणून साठ जणांच्या ग्रुपवर टाकला, तर डेटा मंडळ काही करणार नाही. तिथे जावेशीच बोलावं लागतं, आणि ते दंडापेक्षा महाग पडतं.

बिनसलंच तर

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. मुलाचा फोटो अश्लील पद्धतीनं बदलून फिरवला, कुणी ऑनलाइन गाठून त्रास देतंय, धमकावतंय, तर हा गुन्हा आहे आणि इथे वाट पाहायची नाही. १९३० वर फोन किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार, मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन, आणि जवळचं पोलीस ठाणं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ ब आणि पोक्सो हा बाललैंगिक अत्याचारविरोधी कायदा याच कामासाठी आहेत. स्क्रीनशॉट आधी, डिलीट नंतर. आणि तो घाणेरडा फोटो 'बघा काय केलंय' म्हणून कुणालाही पुढे पाठवू नका, तो पुढे पाठवणं हासुद्धा गुन्हाच.

दुसरी गोष्ट म्हणजे नंबर विकला, माहिती फुटली, सांगूनही काढत नाहीत. मे २०२७ पासून इथे क्रम असा: आधी त्या संस्थेच्या किंवा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी. माझ्या पाल्याची कोणती माहिती तुमच्याकडे आहे, ती कुणाकुणाला दिली, संमती मागे घेत आहे, माहिती पुसून टाका. हे सगळं मागायचा हक्क मुलाच्या वतीनं आईवडिलांना आहे. उत्तरासाठी त्यांना जास्तीत जास्त नव्वद दिवस. त्यानंतर डेटा संरक्षण मंडळ. त्याचं कामकाज ऑनलाइन आहे, त्यामुळे दिल्लीचं तिकीट काढावं लागणार नाही. माहिती फुटल्याचं कळल्यावर कंपनीनं ते आपल्याला विनाविलंब कळवायचं आहे आणि मंडळाला ७२ तासांत तपशील द्यायचा आहे.

पण एक कडू घोट आत्ताच घेऊन ठेवा. २०० कोटींचा असो की २ लाखांचा, दंड सरकारच्या तिजोरीत जातो. तुमच्या हातात एक पैसा येत नाही. आजवर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ अ मध्ये निष्काळजी कंपनीकडून भरपाई मागायची वाट होती. नवा कायदा पूर्ण लागू झाला की ती वाट बंद होते. हे मला अजिबात पटलेलं नाही. उलट, खोटी किंवा उगाच केलेली तक्रार ठरली तर आपल्याला दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून कागद नीट ठेवा.

कागद कसा ठेवायचा ते मात्र मी खात्रीनं सांगू शकते, आयुष्य त्यात गेलं. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती. एक आत द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. "शिक्का सापडत नाही" म्हणाले तर थांबायचं. शिक्का ड्रॉवरमध्ये, स्टॅम्पपॅडच्या डबीखाली असतो. ईमेल केला असेल तर त्याची प्रिंट त्याच फाइलला. फोन आले तर वहीत तारीख, वेळ, नंबर आणि तो माणूस मुलाच्या नावानं बोलला की नुसतंच 'तुमचा पाल्य' म्हणाला, ते लिहा. नावानं बोलला असेल तर यादी बाहेर गेली आहे. दर फॉर्मवर नावाचं स्पेलिंग एका अक्षरानं वेगळं लिहायची युक्ती आहे, म्हणजे यादी कुठून गेली ते कळतं. शिकवणीच्या फॉर्मवर मी नातीच्या नावात एक 'ए' जास्त घातला आहे. शाळेच्या रजिस्टरमध्ये हा चावटपणा चुकूनही करू नका.

आणि खिडकीवर बारा वाजताच जा. आमच्याकडे दोन ते अडीच जेवणाची सुट्टी असायची, आणि ती पावणेदोनलाच सुरू व्हायची.